मंगळवारी रात्री पुरी झालेली गोधडी

माझ्या तोंडून त्या दिवशी एक चुकीचा काळ निघून गेला. शब्द बरोबर होते, स्वर नम्र होता, चेहऱ्यावर हसूही होते. फक्त क्रियापद भूतकाळी होते. समोरच्या बाईंनी ते दुरुस्त केले, तेही इतक्या सहजपणे की शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलीला काही घडले असे वाटलेच नाही. मला मात्र घरी येईपर्यंत, आणि त्यानंतरही कितीतरी दिवस, ती दुरुस्ती चपलेत शिरलेल्या खड्यासारखी टोचत राहिली.

मुलीच्या वर्गातल्या एका मुलाने आम्हाला बोलावले होते. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमधल्या त्यांच्या शाळेचे मोठे पदवीदान अजून पुढे होते. हा समारंभ त्याआधीचा, बारावी पूर्ण करणाऱ्या आदिवासी मुलामुलींसाठी त्यांच्याच माणसांनी भरवलेला. जागा म्हणजे बास्केटबॉलचे बंदिस्त मैदान. लाकडी जमिनीला दिलेल्या पॉलिशचा वास, कागदी पेल्यांतली पातळ कॉफी, आणि कोपऱ्यात एका मोठ्या ढोलाभोवती खुर्च्या टाकून बसलेले सात-आठ पुरुष. त्या ढोलावर सगळ्यांच्या काठ्या एकदम पडल्या की आवाज कानांच्या आधी पायांना कळत असे. एकेकाचे नाव पुकारले जाई, घरची माणसे उठून पुढे जात आणि घडी घातलेली गोधडी उलगडून त्या मुलाच्या किंवा मुलीच्या खांद्यांवर घालत. मूल सभेकडे पाठ करून वळले की पाठभर पसरलेला आठ टोकांचा तारा दिसे: मधोमध पिवळा, मग नारिंगी, मग लाल, आणि टोकांकडे जाता जाता गर्द निळा. बाहेर उकाडा होता आणि आत पंखे पुरत नव्हते. तरी सहा-सहा फूट उंचीची ती मुले त्या जाड गोधड्यांत घाम गाळत शेवटपर्यंत उभी राहिली. एकानेही ती खांद्यावरून उतरवली नाही.

नंतर त्या मुलाच्या आजी भेटल्या. त्या डकोटा या आदिवासी लोकांपैकी, माहेर साऊथ डकोटातल्या सिसेटनच्या बाजूचे, पण आयुष्य बहुतेक याच शहरात गेलेले. मी गोधडीची कड बोटांत धरून पाहिली. आईच्या हातची गोधडी पांघरून वाढलेल्या माणसाला कुठलीही गोधडी दिसली की हात लावल्याशिवाय राहवत नाही. आणि मग मी तो प्रश्न विचारला, ‘तुमचे लोक या गोधड्या कशा शिवत असत?’

‘आम्ही शिवतो,’ आजी म्हणाल्या. ‘ही मंगळवारी रात्री पुरी झाली.’ आणि त्यांनी उजव्या हाताचे बोट पुढे केले. त्यावर चिकटपट्टी होती.

मंगळवार, म्हणजे चारच दिवसांपूर्वी.

मी इंग्रजीत बोलत होते, पण चूक इंग्रजीतली नव्हती. मराठीतही मी तेच बोलले असते. आमच्या पिढीने या लोकांना ‘रेड इंडियन’ या नावाने ओळखले. डोक्याला पिसे, हातात कुऱ्हाड, घोड्यावर स्वार झालेला, आणि गोष्टीच्या शेवटी हमखास नाहीसा होणारा माणूस. त्याला बारावीची परीक्षा असू शकते, त्याच्या आजीला मधुमेह असू शकतो, ती रात्री अकराला यंत्रावर अस्तर जोडत बसलेली असू शकते, हे त्या चित्रात कुठे बसतच नव्हते. मिनेसोटात सतरा वर्षे राहून, रोज डकोटा भाषेतली नावे असलेल्या रस्त्यांवरून गाडी चालवूनही, माझ्या डोक्यातले ते जुने चित्र शाबूत होते आणि त्याने माझ्याही नकळत क्रियापद निवडले होते.

आजींनी राग धरला नाही. उलट, मला शिवणाची आवड आहे असे कळल्यावर त्यांनी दर शनिवारी जिथे त्या आणि त्यांच्या मैत्रिणी जमतात तिथे यायला सांगितले. मी गेले. तिथे पहिली गोष्ट कळली ती ही की हा तारा सोपा नाही. तो एकसंध कापडाचा नसतो. शंकरपाळीच्या आकाराच्या लहान लहान तुकड्यांचा असतो. एका मोठ्या पाकळीत ओळीला आठ आणि ओळी आठ धरल्या तर ६४ तुकडे, आणि अशा आठ पाकळ्यांचे मिळून ५१२. तुकडे आधी पट्ट्यांत जोडायचे, पट्ट्या एकमेकींना एकेक घर पुढे सरकवून जोडायच्या, म्हणजे रंगांची वलये आपोआप ताऱ्याभोवती फिरत जातात. अवघड भाग असा की शंकरपाळीच्या कडा उरेब येतात. उरेब कापड ओढले की लांबते, हे ब्लाउज शिवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. प्रत्येक टाक्यात केसभर जरी कापड ओढले गेले तरी आठ पाकळ्या मध्यावर एकत्र येताना तारा सपाट बसत नाही, मधोमध टेंगूळ येते. माझ्या पहिल्या ताऱ्याला असे टेंगूळ आले की त्याखाली लिंबू लपले असते. आजी हसल्या नाहीत. त्यांनी उसवणीचे आयुध माझ्या हातात दिले आणि आपल्या कामाला लागल्या.

डकोटा भाषेत या गोधडीला ‘विचांख्पी ओविंझा’ म्हणतात. तारा पहाटेचा, म्हणजे आपली शुक्राची चांदणी. अंधार आणि उजेड यांच्या मध्ये उभी राहणारी म्हणून तिचा मान मोठा. हे ऐकताना मला सातारच्या बाजूच्या आमच्या गावातले अंगण आठवले. आजोळी पहाटे पाणी तापवायला उठलेली मामी चांदणी किती वर आली हे पाहून चूल पेटवत असे. पण तेवढ्या एका आठवणीवर मी दोन गोष्टी एकमेकींना जोडू लागले तर ती माझ्या पहिल्या ताऱ्यासारखीच ओढाताण होईल, म्हणून इथे थांबते.

या गोधडीचे वय तसे फार नाही. मैदानी प्रदेशातल्या या लोकांचे पांघरूण म्हणजे बायसन या रानगव्यासारख्या जनावराचे कातडे, आणि त्या कातड्यांवर सूर्यासारखी किंवा पिसांच्या चक्रासारखी नक्षी रंगवलेली असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकाऱ्यांनी आणि कातडी व्यापाऱ्यांनी बायसनचे कळप असे संपवले की कोट्यवधींतून काही शेकडाच जनावरे उरली. लोक राखीव प्रदेशांत कोंडले गेले, पोट सरकारी शिध्यावर आले, आणि पांघरायला कातडे उरले नाही. त्याच सुमारास मिशनरी बायकांनी तिथल्या स्त्रियांना सुई-दोरा आणि तुकडे जोडण्याची रीत शिकवली. शिकवणाऱ्यांच्या मते ती सुधारणेची पायरी होती. शिकणाऱ्यांनी शिकवलेले नेमके टाके घातले, आणि त्या टाक्यांतून कातड्यावरचे चक्र कापडावर उमटले. आठ टोकांचा तारा युरोपीय वंशाच्या लोकांच्या गोधड्यांतही होता, हे खरे आहे; पण इथे त्याला जो अर्थ आला तो इथलाच. माझे मत विचाराल तर या अदलाबदलीत शिकवणाऱ्यांना काय घडते आहे हे शेवटपर्यंत कळले नसावे. १८८३ मध्ये अमेरिकी सरकारने आदिवासींच्या नृत्यांवर आणि विधींवर बंदी घालणारे नियम काढले होते. समारंभात घरातले उत्तमातले उत्तम इतरांना देऊन टाकण्याची चाल सरकारच्या डोळ्यांत खुपत होती, कारण साठवण्यापेक्षा देण्यात प्रतिष्ठा मानणारा माणूस सरकारला हवा तसा शेतकरी होणार नव्हता. शिवणकाम मात्र कुणाला खुपण्याजोगे नव्हते. ते शिस्तीचे, घरगुती आणि सोज्वळ दिसत होते.

आजही ही गोधडी देण्यासाठीच शिवली जाते. जन्माला, लग्नाला, सैन्यातून परतलेल्याला, शवपेटीवर, आणि मृत्यूनंतर वर्षाने दुःख उतरवण्याच्या वेळी. माँटानातल्या फोर्ट पेक या राखीव प्रदेशात तर बास्केटबॉलच्या स्पर्धेत आपल्या मुलांच्या आज्या-आयांनी शिवलेल्या गोधड्या प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाडूंच्या खांद्यावर घालण्याची रीत आहे. ज्याला थोड्या वेळाने हरवायचे त्याच्यासाठी हिवाळाभर बसून शिवायचे! मी ही गोष्ट रविवारच्या फोनवर आईला सांगितली. आईला त्यातले प्रतिस्पर्ध्याचे काही वाटले नाही. तिचा आक्षेप निराळाच होता.

‘म्हणजे नवं कापड आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि परत जोडायचे? अगं, मग ती गोधडी कसली?’

तिचा मुद्दा मला कळत होता. आमच्याकडे गोधडी जुन्याचीच. नऊवारी लुगडे धुऊन धुऊन असे मऊ झाले पाहिजे की त्याला अंगाचा आकार कळतो. मग ते खाली, मध्ये विरलेली धोतरे आणि चादरी, वरून पुन्हा लुगडे. वैशाखात कामे हलकी झाली की दुपारी ओटीवर हे थर अंथरायचे, चारही कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवायचे, आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत जायचे. आई एका टोकाला, काकू दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या भागात आम्ही पोरे लोळत असू, टाक्यांच्या आड येत असू, ओरडा खात असू. त्या गोधडीत आजीचे हिरवे लुगडे कुठे आहे हे मला अंधारात हाताने सांगता येत असे, कारण त्याचा काठ जरा खरखरीत होता. बाळाला पहिल्यांदा गुंडाळायचे तेही जुन्यातच. नवे कापड बाळाला टोचते. तेव्हा आईच्या दृष्टीने नव्या कापडाची गोधडी म्हणजे जिला आठवणीच नाहीत अशी गोधडी.

शनिवारी मी हे आजींना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. इस्त्रीची वाफ तेवढी मध्ये येत होती. मग म्हणाल्या, ‘आमच्याकडून इतके जुने घेतले गेले की देताना तरी नवे द्यावे असे आम्हाला वाटते.’ या वाक्याचे मी पुढे काय करावे हे मला अजून समजलेले नाही. आईला मी ते सांगितले नाही.

आमच्या विमानतळावर उतरताना खिडकीतून नदीकाठचा एक जुना किल्ला दिसतो, फोर्ट स्नेलिंग. दर भारतवारीहून परतताना मी तो पाहिला आहे, बहुधा झोपाळलेल्या डोळ्यांनी, आणि एकदा तर आईने दिलेली गोधडी सामानाच्या पोटात घेऊन. १८६२ मध्ये डकोटा आणि अमेरिकी सरकार यांच्यात झालेल्या युद्धानंतर त्या किल्ल्याखालच्या सखल जागेत सुमारे १,६०० डकोटा लोकांना, त्यांतही बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे, हिवाळाभर डांबून ठेवले होते. लष्करी आयोगाने ३०३ पुरुषांना मृत्युदंड सुनावला होता, आणि त्यांतले कित्येक खटले काही मिनिटांत उरकले होते. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी यादी कमी केली, आणि २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटो गावात ३८ जणांना एकाच चौथऱ्यावर एकाच वेळी फाशी दिले गेले. त्यांतला एक जण तर सूट मिळालेल्यांपैकी होता, तरी फासावर गेला. पुढच्या वर्षी उरलेल्यांना राज्याबाहेर घालवले. आजींच्या घराण्यातले लोक सिसेटनला कसे पोहोचले हे मी त्यांना कधी विचारले नाही. नकाशा मला दिसत होता.

मँकेटोला मी गेले होते. त्या जागी आता एक लहान बाग आहे, आणि तिथे पांढरट दगडाचा एक बायसन उभा आहे. दुपार होती, समोरच्या ग्रंथालयातून शाळकरी मुले बाहेर पडत होती. मला तिथे जे वाटायला हवे होते ते वाटले नाही. थंडी वाटली, आणि गाडी लावायच्या जागेचे पैसे भरायचे राहिले आहेत हे आठवले. त्या युद्धाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, २०१२ मध्ये, मिनेसोटात आदिवासी कलावंतांचे एक प्रदर्शन भरले होते. त्याचे डकोटा नाव होते ‘देद उंकुंपी’. अर्थ इतकाच: आम्ही इथे आहोत. मी ते नाव वाचले तेव्हा मला पुन्हा ते बोट दिसले, चिकटपट्टी लावलेले. कारण आजींनी माझ्या प्रश्नाला जे उत्तर दिले होते ते याहून वेगळे नव्हते.

त्यानंतर मी भिंतीवर लावण्याच्या गोधड्यांकडे वळले. म्हणजे पाहण्यापुरती वळले. ग्वेन वेस्टरमन या डकोटा कवयित्री मँकेटोच्याच विद्यापीठात शिकवत आल्या आहेत, २०२१ मध्ये त्या मिनेसोटाच्या राजकवी झाल्या, आणि त्या गोधड्याही करतात. कविता आणि गोधडी एकाच माणसाच्या हातून होणे हे मला तरी अगदी स्वाभाविक वाटते. जात्यावर ओवी रचणाऱ्या बायकांच्या मुलखातून आलेल्या माणसाला त्यात नवल वाटू नये. पण मला सर्वांत जास्त थांबवले ते कोलोरॅडोत राहणाऱ्या सूझन हडसन यांच्या कामाने. त्या डिने, म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक नावाहो म्हणतात त्या लोकांपैकी. त्यांच्या आईला निवासी शाळेत सक्तीने शिवणकामाला बसवले गेले होते. आदिवासी मुलांना घरापासून तोडून, केस कापून, भाषा बोलल्याबद्दल मारून ‘सुधारणाऱ्या’ अशा ४१७ शाळा सरकारने चालवल्या किंवा पोसल्या, आणि त्यांत किमान ९७३ मुले मरण पावली, असे अमेरिकी सरकारच्याच २०२४ च्या अहवालात आहे. अशा शाळेत शिकलेले शिवण आईने मुलीला शिकवले, मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती मुलगी मोठी होऊन त्याच टाक्यांनी त्या शाळा गोधडीवर काढते. १८६४ मध्ये तिच्या पूर्वजांना बंदुकीच्या धाकाने शेकडो मैल चालवत नेले, तो प्रवासही तिने कापडावर आणला आहे.

हडसन यांची शैली हिशेबाच्या वह्यांवरच्या चित्रांवरून आलेली आहे. कातडी मिळेनाशी झाल्यावर मैदानी प्रदेशातले पुरुष व्यापाऱ्यांच्या आणि लष्कराच्या जमाखर्चाच्या वह्यांवर चित्रे काढू लागले. आकडे, रेघोट्या तशाच, आणि त्यांच्यावरून धावणारे घोडे. हडसन यांच्या गोधड्यांवरची माणसेही अशीच बाजूने दिसणारी, सपाट, रांगेत उभी असतात. त्यांच्या एका गोधडीचे नाव मराठीत सांगायचे तर ‘१४९२ पासून बेपत्ता आणि खून झालेल्या आदिवासी स्त्रिया’. मी या नावापाशी बराच वेळ अडले. ‘पासून’ हा शब्दयोगी अव्ययाचा लहानसा तुकडा किती काम करतो! तो भूतकाळात एक खुंटी ठोकतो आणि दोरी थेट आजपर्यंत ओढून आणतो. माझ्या ‘शिवत असत’मध्ये दोरी तुटलेली होती, इथे ती ताणलेली आहे.

तरी भिंतीवरच्या गोधडीबद्दल माझ्या मनात एक खुटखुट आहे, ती लपवत नाही. तिला हात लावता येत नाही, तिच्याखाली झोपता येत नाही, तिला कुणाच्या घामाचा वास येणार नाही. आजींना मी हे बोलून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या की प्रत्येक गोधडी झोपण्यासाठी नसते, काही जागे ठेवण्यासाठी असतात. मला हे वाक्य जरा जास्तच घासूनपुसून ठेवल्यासारखे वाटले, आणि तसे मी त्यांना म्हणालेही. तेव्हा त्या हसल्या आणि कबूल झाल्या की ते त्यांचे नाही, कुठल्याशा भाषणात ऐकलेले आहे.

सप्टेंबरात एका रविवारी आजी आमच्याकडे चहाला आल्या. दिवाणखान्यात त्या सर्वांत आधी थांबल्या त्या वारली चित्रापाशी. तारपा वाजवणारा माणूस आणि त्याच्याभोवती हात गुंफून नागमोडी फिरणारी रांग. आम्ही ते मुंबईच्या विमानतळावर निघता निघता घेतले होते. ‘कुणी काढले?’ त्यांनी विचारले. मी म्हणाले, ‘आमच्याकडे वारली म्हणून आदिवासी आहेत, ते लग्नात घराच्या भिंतींवर अशी चित्रे काढत...’ आणि वाक्याच्या शेवटी येणारे ‘असत’ मी जिभेवरच अडवले. डहाणू-तलासरी आमच्या मुंबईच्या घरापासून तीन-चार तासांवर. लग्नाचा चौक तिथे या वर्षीही लिहिला गेला असणार. मी फ्रेम उतरवून मागची बाजू पाहिली. मागे किमतीची चिठ्ठी होती आणि दुकानाचे नाव होते.

आजी त्यावर काही बोलल्या नाहीत. मीच घाईघाईने विषय बदलला आणि आतून आईची गोधडी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. शिवणाऱ्या बाया जे करतात तेच त्यांनी केले: वरची बाजू न पाहता आधी गोधडी उलटी केली, मागचे टाके अंगठ्याने चाचपले, एका ठिकाणी दोरा संपून नवा लागला होता तिथे बोट थांबवले, मग पुढे गेल्या. हिरव्या लुगड्याच्या काठापाशी त्या पुन्हा थांबल्या. मी त्यांना काहीच सांगितलेले नव्हते.

‘आई शिवायची?’ त्यांनी विचारले.

‘शिवते,’ मी म्हणाले.

खरे तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, म्हणजे चार वर्षे झाली, आईने सुई हातात घेतलेली नाही. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही. पण त्या क्षणी दुसरे क्रियापद माझ्या तोंडून निघेना. त्या रात्री फोनवर मी आईला विचारले, गोधडीचे काय चालले आहे? ती थोडा वेळ गप्प राहिली, मला वाटले फोन तुटला.

‘काकूचं जांभळं लुगडं काढून ठेवलंय कपाटात,’ ती म्हणाली. ‘खुर्चीवर बसून जमेल म्हणते मी. फक्त सुईत दोरा ओवून द्यायला कुणीतरी पाहिजे बघ.’